बॉयलरवर नव्याने येणाऱ्यांसाठी: हवा वाढवण्याआधी मिल तपासा

विदर्भातील एका औष्णिक केंद्रात २१० मेगावॅटच्या संचावर मी प्रशिक्षणार्थी अभियंता म्हणून रुजू झालो, तेव्हा राखेत न जळलेला कार्बन वाढला की हवा वाढवायची, एवढेच मला ठाऊक होते. एका रात्रपाळीत मी तेच केले. इकॉनॉमायझरनंतरच्या (बाहेर जाणाऱ्या धुराच्या उष्णतेने पाणी तापवणाऱ्या भागानंतरच्या) धुरातील ऑक्सिजन साडेतीन टक्क्यांवरून पाचच्या वर गेला, चिमणीतील नॉक्स (नायट्रोजनचे प्रदूषक ऑक्साइड) चढले, धुराबरोबर वाया जाणारी उष्णता वाढली, आणि सकाळी तपासलेल्या राखेतील कार्बन मात्र जवळजवळ तेवढाच निघाला.

आमच्या पाळीप्रमुखांनी माझ्या हाती निळी काच दिली आणि मला भट्टीत डोकावायच्या खिडकीपाशी, म्हणजे पीपहोलपाशी, नेले. भट्टीच्या तीन कोपऱ्यांतील ज्योत नोझलजवळच पेट घेत होती. चौथ्या कोपऱ्यात ती मुळाशी काळपट दिसत होती आणि तिच्यातून ठिणग्यांसारखे जाड कण वर उडत होते. तिथे कोळसा पुरवणाऱ्या मिलच्या, म्हणजे कोळसा दळणाऱ्या यंत्राच्या, भुकटीचा नमुना चाळला. सुमारे ७० टक्के भुकटी ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली यायला हवी होती, ती त्याहून बरीच कमी आली. जाड कण परत दळायला पाठवणाऱ्या क्लासिफायरची पाती झिजली होती आणि चौथ्या कोपऱ्याच्या कोळशाच्या नळीतील ऑरिफिसही (प्रवाह आवरणारे छिद्रही) झिजून मोठे झाल्याने तिकडे जास्त कोळसा जात होता. कण भट्टीत जेमतेम काही सेकंद राहतो. तो जाड असेल तर कितीही हवा दिली तरी पुरता जळत नाही.

येथे नॉक्सचे गणित नीट समजून घ्यावे, कारण ते पुष्कळांना उलटे वाटते. या भट्टीत बहुतांश नॉक्स कोळशातीलच नायट्रोजनपासून बनते. बर्नरपाशी हवा कमी ठेवून उरलेली ओव्हरफायर एअरमधून, म्हणजे बर्नरच्या वरच्या झडपांतून, दिली, तर त्या नायट्रोजनचा मोठा भाग निरुपद्रवी वायू होऊन बाहेर पडतो. पण मग कार्बन जळायला वेळ कमी उरतो, म्हणून दळण बारीक असल्याशिवाय हा उपाय साधत नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेत नॉक्सवर २००३ अखेरपर्यंतच्या संचांसाठी घनमीटरमागे ६०० मिलिग्रॅमची, तर २०१७ पासूनच्या संचांसाठी १०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली गेली.

दुरुस्तीनंतर आम्ही ऑक्सिजन पाव-पाव टक्क्याने खाली आणला. प्रत्येक पायरीनंतर संच स्थिर होऊ द्यावा, कार्बन मोनॉक्साइडवर नजर ठेवावी आणि तो चढू लागताच एक पायरी मागे यावे, कारण हवा फार तोडली तर वॉटरवॉलच्या (भट्टीच्या भिंतीतील पाण्याच्या) नळ्या गंजतात.