व्हिक्टोरियन शाळा एक दिवस भरवायची असेल तर

शाळेतून चिठ्ठी येते: पुढच्या शुक्रवारी 'व्हिक्टोरियन डे', म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या शाळेसारखा दिवस, मुलांना त्या काळातल्या वेशात पाठवा. लगेच आमच्या इथल्या मराठी आयांच्या ग्रुपवर धावपळ सुरू होते. टोपी कुठे मिळेल, एप्रन कोणाकडे आहे, मामाच्या लग्नातला वेस्टकोट चालेल का. मी इंग्लंडमध्ये, हर्टफर्डशरमधल्या एका प्राथमिक शाळेत मदतनीस आहे आणि सहा वर्षं आमच्या वर्गात हा दिवस मीच 'बाई' होऊन भरवते. म्हणून सगळे फोन मला. यंदा लिहूनच काढलं. रविवारच्या मराठी शाळेत किंवा तिकडे गावाकडच्या वर्गातही असा दिवस करता येईल.

पहिल्या वर्षी मी छडी घेऊन गेले होते. बागेतली बांबूची काठी. टेबलावर दोनदा आपटली आणि तिथेच सगळं बिघडलं. आधी शिक्षा कोणाला होते याची पोरांत चढाओढ लागली, दिवसभर खिदळणं चाललं होतं आणि घरी जाऊन त्यांनी सांगितलं, जाम मजा आली. छडी तेव्हा होतीच, शिक्षा नोंदवायच्या वह्याही संग्रहालयांत बघायला मिळतात. पण मुलांना ती गोष्टीतल्या राक्षसासारखी वाटते, खरी वाटत नाही. खरा वाटतो तो पैसा. कोणाला शाळा परवडते, कोण का आलं नाही, आणि एका मुलाला भागाकार आला नाही तर शाळेचे किती पैसे जातात. छडी कोपऱ्यात उभी राहू दे, दिवस हिशेबावर चालवा.

आधी साल ठरवा

व्हिक्टोरिया राणी १८३७ मध्ये गादीवर आली, १९०१ मध्ये गेली. एवढा काळ एका दिवसात कोंबला की खिचडी होते. स्कूल बोर्डांच्या, म्हणजे निवडून आलेल्या स्थानिक मंडळांच्या, शाळा निघाल्या त्या १८७० च्या कायद्याने, हजेरीची सक्ती देशभर झाली १८८० मध्ये, आणि बहुतेक प्राथमिक शाळांची फी सुटली १८९१ मध्ये. मी १८६८ धरते. गावातली चर्चची शाळा, फी आहे, सक्ती नाही, आणि शाळा तपासणाऱ्या सरकारी इन्स्पेक्टरची धास्ती ऐन भरात. हे साल धरलंत तर फळ्यावर 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' लिहू नका. ते बिरुद तिला १८७६ मध्ये मिळालं. मी लिहिलं होतं, आणि दहा वर्षांच्या एका पोराने सगळ्यांसमोर हात वर केला.

कपड्यांवर खर्च नको. मुलींना गडद साधा फ्रॉक आणि वर पांढरं पिनफोर, म्हणजे बिनबाह्यांचं एप्रन. उशीच्या जुन्या अभ्र्याला मानेसाठी एक आणि हातांसाठी दोन भोकं पाडली, मागे नाडी बांधली की झालं. मुलग्यांना सपाट टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, बंडी, आणि मोज्यांत खोचलेली पँट. जरीचा वेस्टकोट नको, खरंच नको. डबा फडक्यात बांधून द्या: पाव, चीज, सफरचंद.

वर्गात बाक एकामागे एक लावा. जुन्या शाळांच्या खिडक्या मुद्दाम उंच असत, बाहेर बघून लक्ष उडू नये म्हणून. मी काचांच्या खालच्या अर्ध्या भागाला ब्राउन पेपर चिकटवते. वीस मिनिटांत कुरकुर सुरू होते, आणि ती व्हायलाच हवी.

हजेरी आणि पेनी

माझ्या मते दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, त्याला घाई करू नका. आदल्या रात्री मुलं असतील तेवढ्या चिठ्ठ्या करा. बहुतेक कोऱ्या ठेवा, सात-आठांवर गैरहजेरीचं कारण लिहा. 'बटाटे काढायला गेला.' 'धाकट्या बहिणीला सांभाळायला घरी.' 'गोवर.' 'कापणीनंतर शेतात पडलेली कणसं वेचायला.' आमच्या भागासाठी खास एक: 'काडाच्या वेण्या विणायला.' जवळच्या लूटन गावात हॅटचा मोठा धंदा होता आणि त्या हॅटसाठी लागणाऱ्या गव्हाच्या काडाच्या वेण्या इथल्या घराघरांत मुलंही विणत. तुमच्या मुलांचं गाव जिथे असेल तिथलं काम शोधून टाका. लँकेशरमध्ये असाल तर कापडगिरण्या आहेतच, तिथली पोरं अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत.

आणि एक चिठ्ठी मात्र प्रत्येकाने ठेवावी: 'बूट नाहीत.' गेल्या वर्षी ती एका चुणचुणीत मुलीला आली. मी तिला बूट काढायला लावले आणि दाराबाहेरच्या बाकावर दहा मिनिटं बसवलं. आत पाढे चालू झाले. आत घेतलं तेव्हा ती म्हणाली, "मिस, पण मला सातचा पाढा येतो." सातचा आम्ही ती बाहेर असतानाच म्हणून टाकला होता.

हजर मुलांनी रांगेने येऊन टेबलावर पेनी ठेवायची. सोमवारी सकाळी आठवड्याची फी भरायची पद्धत होती, साधारण एक-दोन पेन्स, कुठे जास्त. पुठ्ठ्याची नाणी चालतात. दोघा-तिघांना मुद्दाम नाणं देऊ नका, आणि पेनी नाही तर परत घरी, हे त्यांना थंडपणे सांगा.

पाटी, वाळू, पाढे

पाट्या इथल्या संग्रहालयांच्या दुकानांतून घेऊ नका, फार महाग पडतात. माझ्या आईने सांगलीहून लाकडी चौकटीच्या पंधरा पाट्या आणल्या, बॅगेत चिवड्याच्या खाली, आणि विमानतळावर वजनावरून जे काही ऐकून घेतलं ते अजून मला ऐकवते. पेन्सिलीही तिकडूनच मागवा. त्या खाऊ नका असं इथल्या पोरांना सांगावं लागत नाही, सांगावं लागतं ते आपल्या आयांना. पाटी थुंकून बाहीने पुसायची खोड त्या पोरांनाही होती. आपण ओला स्पंज द्यावा.

पाटीच्या आधी एका ट्रेमध्ये बारीक वाळू पसरून बोटाने अक्षर काढायला द्या. माझे पणजोबा जिच्यावर शिकले ती धुळपाटी हीच. आणि इथे आपल्या मुलांना सांगण्यासारखी एक खरी गोष्ट आहे. अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासजवळ एग्मोरच्या अनाथालयाचा प्रमुख होता. तिथल्या देशी शाळेत मुलं वाळूत अक्षरं गिरवताना त्याने पाहिली आणि ती रीत आपल्या शाळेत आणली. मास्तर ऐकेनात, तेव्हा त्याने आठ वर्षांच्या एका मुलालाच धाकट्यांना शिकवायला बसवलं. १७९७ मध्ये त्याने लंडनला याचा अहवाल छापला, आणि मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायची ही 'मद्रास पद्धत' इंग्लंडभर पसरली. इंग्लंडमध्ये जोसेफ लँकेस्टर नावाच्या मास्तरनेही त्याच सुमाराला तशीच पद्धत चालवली होती. आमच्या जवळ हिचिनला त्या पद्धतीची १८३७ सालची शाळेची खोली अजून उभी आहे. तीनशे मुलगे आणि मास्तर एक. जमलं तर मुलांना घेऊन जा, त्या खोलीच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं बोलायला लावा. १८६८ पर्यंत या पद्धतीची सद्दी ओसरली होती, तेरा वर्षांची मुलं पाच वर्षांच्या उमेदवारीवर 'प्युपिल टीचर' म्हणून शिकवू लागली होती. वर्गातल्या दोघा मोठ्यांना ते काम द्या. कडक वागायला मी कोणाला कधी शिकवलेलं नाही, ते आपोआप येतं.

पाढे बारापर्यंत आणि उभ्याने. 'ट्वाइस वन आर टू' एका सुरात तीस पोरं म्हणायला लागली की चाल थेट 'बे एके बे'ची लागते. मग पैसे: चार फार्दिंगांची पेनी, बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. पोरं हैराण होतात. तेव्हा मी त्यांना सांगते, माझ्या आजोबांना तीन पयांचा पैसा, चार पैशांचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया करावा लागे. त्यांची दया येते तेवढ्यापुरती.

टाक आणि कित्ता

इथे मी एकदा फजिती करून घेतली आहे. चित्रकलेची पक्की काळी शाई आणली आणि ती शाळेच्या गालिच्यावर सांडली. डाग अजून आहे, त्यावर कपाट सरकवलंय. तुम्ही धुतली जाणारी शाईच घ्या. दौतीसाठी औषधाच्या बाटल्यांची झाकणं चालतात, जाड स्पंजच्या तुकड्याला भोक पाडून त्यात घट्ट बसवा म्हणजे कलंडत नाहीत. प्रत्येकाला टीपकागद द्या. टाकाची निबं स्वस्तातली पुरतात. त्या काळी पोलादी निबं प्रामुख्याने बर्मिंगहॅममध्ये होत.

आधी तुम्ही फळ्यावर एक ओळ सुंदर वळणात काढा, मुलांनी तीच ओळ दहा वेळा गिरवायची. निब खाली ओढताना दाबलं की टोक फाकतं आणि रेघ जाड येते, वर जाताना हात हलका ठेवला की बारीक. वर जातानाही दाबलं तर टोक कागदात अडकतं आणि शाईचे शिंतोडे उडतात. पहिल्या तीन ओळींत सगळ्यांच्या वह्या भुताने लिहिल्यासारख्या दिसतात, पाचवीला वर्ग एकदम गप्प होतो. तुम्हीही तेव्हा गप्प राहा. डावखुऱ्या मुलाला निब पुढे ढकलावं लागतं आणि हात ओल्या शाईवरून जातो, ते त्याला करून बघू द्या. मग सांगा की त्याला उजव्या हातानेच लिहायला लावलं असतं, आणि पाच मिनिटं तसं लिहून बघायला सांगा. पाचच.

दुपारी मुलींना शिवण, मुलग्यांना गणितं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मुलींना शिवण शिकवणं भागच होतं. मी वीस मिनिटं असं चालवते आणि मग अदलाबदल करते. पहिल्या वर्षी अदलाबदल केली नव्हती, मुली माझ्याशी आठवडाभर नीट बोलल्या नाहीत.

दिपोटी येतो

आता इन्स्पेक्टर. आपल्याकडे जुनी माणसं ज्याला दिपोटी म्हणायची, तो. आमच्याकडे हे काम माझा नवरा करतो. काळा कोट, हातात कागद, आणि चेहरा असा की घरी भाजीत मीठ कमी आहे हेही सांगायला घाबरणारा हाच का तो, असं मला वाटतं.

याची रचना नीट समजून घ्या, तरच रंग भरतो. शिक्षण खात्याचा कारभार रॉबर्ट लो या मंत्र्याकडे होता तेव्हा, १८६२ मध्ये, नवे नियम आले: सरकारी अनुदान निकालावर. सहा यत्ता ठरल्या. पहिलीला एका दमात उच्चारता येणारे, 'कॅट', 'डॉग'सारखे सोपे शब्द वाचता यायला हवेत, सहावीला वर्तमानपत्रातला परिच्छेद. वर्षात दोनशेहून जास्त वेळा हजर असलेल्या मुलामागे (सकाळची एक, दुपारची एक अशी हजेरी मोजत) शाळेला आठ शिलिंग मिळू शकत. वाचन, लेखन, गणित यांत जो विषय बुडेल त्याचे २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. सकाळच्या चिठ्ठ्या आता मुलांना परत आठवतात. बटाटे काढायला गेलेला दोनशेपर्यंत पोचलाच नाही, तर त्याचे आठही गेले. पुष्कळ मास्तरांचा पगार याच पैशावर ठरे. म्हणून पुस्तकं पाठ करून घेतली जात आणि या तिघांबाहेरचं काही शिकवायला फुरसत नसे.

करायचं असं. तुमच्या टेबलावर काचेची बरणी ठेवा, त्यात भरपूर पुठ्ठ्याच्या पेनी. ही बाईची कमाई आहे हे आधीच सांगून टाका. इन्स्पेक्टर एकेकाला उभं करेल: दोन ओळी वाच, एक वाक्य श्रुतलेखन, एक हिशेब. चुकलं की तो मोठ्याने 'नापास' म्हणेल आणि तुम्ही बरणीतून बत्तीस पेनी मोजून काढायच्या. सगळ्या बत्तीस, एकेक करून, आवाज होईल अशा. दुसऱ्या-तिसऱ्या मुलानंतर वर्गात कोणी हसत नाही. हुशार पोरं शेजाऱ्याला उत्तर पुटपुटायला लागतात. एकदा एक मुलगा भागाकारात अडला आणि इन्स्पेक्टरकडे न बघता माझ्याकडे बघून 'सॉरी मिस' म्हणाला. खेळ आहे हे त्याला माहीत होतं, तरी. ज्या मुलाला खरंच वाचनाची अडचण आहे त्याला या खेळात उभं करू नका, त्याला इन्स्पेक्टरचा कारकून करा.

शेवटी सगळ्यांनी मिळून एक हिशेब सोडवा: गणितात दहा मुलं नापास, किती कापले? ३२० पेन्स, म्हणजे २६ शिलिंग ८ पेन्स, म्हणजे १ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. फळ्यावर लिहून ठेवा.

लॉगबुक

१८६२ च्या त्याच नियमांनी मुख्याध्यापकाला लॉगबुक, म्हणजे शाळेची रोजनिशी, ठेवणं भाग पडलं. त्यात घडलेलं तेवढं लिहायचं, आपली मतं लिहायची नाहीत, असंही बजावलेलं होतं. दिवसाची शेवटची दहा मिनिटं मुलांकडून हेच लिहून घ्या, टाकाने. 'मजा आली' खोडा, 'वाईट वाटलं' खोडा. गेल्या वर्षीची एक नोंद माझ्याकडे आहे, बाहेर बाकावर बसलेल्या त्याच मुलीची. तिच्या इंग्रजीचं मराठी असं: 'पाऊस. हजर २३. एकीला बूट नाहीत. शाई दोनदा सांडली. इन्स्पेक्टर आले, सहा नापास. सातचा पाढा झाला.'