आईसाठी काहीतरी शिवायचंय, तेही पोरांच्याच हातून

आधी माझी चूक सांगते म्हणजे पुढचं का सांगतेय ते कळेल. पहिल्या वर्षी भाचीने वहिनीसाठी छोटी उशी शिवायला घेतली होती, टाके असे की एक इथे तर दुसरा पार तिकडे, रात्री पोरं झोपल्यावर मला काही राहवेना, मी हळूच सगळं उसवलं आणि छान बारीक टाके घालून ठेवून दिले. सकाळी बाईसाहेबांनी उशी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, आत्या हे माझे टाके नाहीत. बास. ती उशी तिने आईला दिलीच नाही, अजून माझ्याकडे पडून आहे.

तेव्हापासून मी टाके सरळ करायच्या भानगडीत पडत नाही, वस्तूच अशी निवडते की तिच्यावर वाकडा टाका शोभून दिसेल. निम्मं काम यातच होतं, आणि उरलेल्यातलं बरंचसं पोरं शिवायला बसायच्या आधी आपण एकट्याने करायचं असतं.

मुहूर्त दोन आहेत. एक मे महिन्यातला दुसरा रविवार, मदर्स डे. दुसरा आपला श्रावणातला, पिठोरी अमावस्येचा मातृदिन, जेव्हा आई वाण डोक्यावर धरून "अतीत कोण?" विचारते आणि पोरं मागून "मी!" म्हणत घेतात. मला मे सोयीचा वाटतो कारण शाळेला सुट्टी असते आणि दुपारी उन्हात कुठे जाता येत नाही, पण हातांना घाम येऊन सुई सटकते, तेव्हा शेजारी एक फडकं आणि टाल्कम पावडर ठेवा.

आता कुठल्या वयाला काय. तीन-चार वर्षांच्या पोराला सुई देऊच नका, जुन्या वहीच्या पुठ्ठ्याला पंचिंग मशीनने भोकं पाडा आणि बुटाची नाडी ओवायला द्या, नाडीचं टोक कडक असतं तीच त्याची सुई. पुठ्ठ्यावर आईचा फोटो चिकटवला आणि कडेने नाडी ओवली की फ्रेम तयार. पाच-सहा वर्षांना बोथट सुई चालते, स्वेटरचे भाग जोडायला वापरतात ती, नेढं मोठं आणि टोक गोल. कापड मात्र मोकळ्या विणीचं हवं, म्हणजे मॅटी किंवा गोणपाट, नाहीतर बोथट सुई आत शिरत नाही आणि पोरगं दोन मिनिटांत उठून जातं. सात-आठच्या पुढे टोक असलेली भरतकामाची सुई द्यायला हरकत नाही, आपण समोर बसून.

खणाचं कापड दिसतं फार सुंदर, सगळ्यांना त्याचाच मोह होतो, मलाही झाला होता, पण कापल्याबरोबर कडेचे धागे सुटायला लागतात आणि पोरांच्या हातात त्याची दहा मिनिटांत शेवई होते. खण हवाच असेल तर कडा आधी मशीनवर दुमडून टीप मारून द्या.

दोऱ्याचं पण ऐका. भरतकामाच्या लडीत सहा पदर असतात ते वेगळे करत बसू नका, सहाच्या सहा वापरा, जाड दोरा पोरांना दिसतोही आणि ओढायला बरा पडतो. लांबी पोराच्या एका हाताएवढी, 40 सेंटीमीटरच्या आसपास. आपल्याला वाटतं लांब घेतला की परत परत ओवावा लागणार नाही, प्रत्यक्षात लांब दोऱ्याचा गुंता होतो आणि गुंता झाला की रडारड. आणि दोरा नेढ्यातून काढून तिथेच एक गाठ मारून टाका, म्हणजे दर तीन टाक्यांनी सुई निसटून "आत्याऽऽ परत ओव" हे होत नाही. ही एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर किती दुपारी वाचल्या असत्या.

आता वस्तू.

पाच वर्षांच्या भाच्याकडून मी वाळ्याची पुरचुंडी करून घेतली, आईच्या कपाटात कपड्यांमध्ये ठेवायला. वाळा उन्हाळ्यात काष्ठौषधींच्या दुकानात सहज मिळतो, दोन मुठी पुरतो. घरी आणून एक दिवस उन्हात कडकडीत वाळवा, ओलसर राहिला तर कपड्यांना डाग पडतील. मग कात्रीने बोटाच्या पेराएवढे तुकडे, हे आपण करायचं, मुळं चिवट असतात. त्यात आठ-दहा लवंगा टाका आणि सगळं मलमलच्या तुकड्यात गाठोड्यासारखं बांधा. मलमल टाळू नका, वाळ्याची टोकं बारीक काड्यांसारखी असतात, नुसती भरली तर मॅटीच्या जाळीतून बाहेर येऊन वहिनीच्या साडीला टोचतील.

बाहेरच्या पिशवीला मॅटीची एकच पट्टी, 12 सेंटीमीटर रुंद आणि 30 लांब. मधोमध दुमडली की खालची बाजू आपोआप बंद आणि शिवायला उरतात दोनच बाजू. दुमडायच्या आधी वरच्या खालच्या टोकांचे दोन-तीन आडवे धागे ओढून काढायला पोराला सांगा, झालर तयार होते आणि या कामात भाचा इतका रमला की शिवायचं राहूनच गेलं त्या दिवशी. चालतं. दुसऱ्या दिवशी शिवा.

दोन्ही बाजूंना काठापासून एक सेंटीमीटर आत ठिपके काढा, एकेका सेंटीमीटरवर, वरची चार सेंटीमीटर मोकळी सोडून. म्हणजे एका बाजूला अकरा-बारा ठिपके झाले. गडद कापड असेल तर पेन्सिल दिसत नाही तेव्हा अंगाच्या साबणाची संपत आलेली पातळ चिपटी घ्या, शिंपी तेच करतात, पुसलं की जातं. कापडाचे दोन थर टाचण्यांऐवजी कपड्यांच्या चिमट्यांनी धरा.

टाका एकच शिकवायचा, धावदोरा, गोधडीला घालतात तो. खाली गेली, वर आली. आमच्याकडे सुई म्हणजे उंदीर, उंदीर बिळात गेला, पुढच्या बिळातून बाहेर आला. तरीही पोरं काय करतात तर वर आलेली सुई काठावरून पलीकडे नेऊन परत खालूनच घुसवतात आणि दोरा काठाला गुंडाळला जातो. सुरुवातीला मी थांबवायचे, आता थांबवत नाही. शिवण तशीही पक्की होते, उलट जरा जास्तच पक्की, आणि झालरीसारखी दिसते. पूर्ण बाजू तशीच गेली तर जाऊ दे, अर्धी अशी अर्धी तशी असेल तरी जाऊ दे. फक्त सुरुवातीची आणि शेवटची गाठ आपण मारायची, पोरांची गाठ सुटते.

गाठोडं आत टाकलं की वरचं तोंड शिवू नका, जुन्या परकराची नाडी किंवा रिबीन बांधा. आमच्या पहिल्या पुरचुंडीचं तोंड आम्ही शिवून टाकलं होतं, वर्षभराने वास गेला, वाळा बदलायचा तर शिवण उसवावी लागणार आणि वहिनी काही उसवू देत नाही. तशीच बिनवासाची पडलीय कपाटात.

मोठ्या पोरांसाठी, म्हणजे सात-आठच्या पुढच्या, बाबांचा जुना शर्ट घ्या. बटणं लावलेल्या अवस्थेतच शर्टाचा पुढचा भाग असा कापा की बटणपट्टी मधोमध येईल, आणि मागच्या पाठीतून तेवढाच तुकडा. 22 सेंटीमीटरचे चौकोन घेतले तर शिवणीत एकेक सेंटीमीटर जाऊन 20 ची उशी होते. सुलट बाजू आतमध्ये एकमेकींवर ठेवून चारही बाजू शिवायच्या, उलटवायला जागा सोडायची गरजच नाही कारण बटणं उघडून त्यातूनच उशी उलटते आणि त्यातूनच कापूस भरायचा. पोरांना हा प्रकार जादूसारखा वाटतो. शिवण आत जात असल्याने वाकडे टाके दिसत नाहीत, पण एक पाहा, मोठमोठ्या टाक्यांमधून कापूस डोकावतो, म्हणून इथे ठिपके अर्ध्या सेंटीमीटरवर. रोज एकच बाजू. चार दुपारी. भाचीला एका दिवसात संपवायची होती, तिसऱ्या बाजूला तिने शिवण थेट स्वतःच्या फ्रॉकला जोडली, मांडीवर घेऊन शिवत होती ना. म्हणून टेबलावरच शिवायचं, मांडीवर नाही, पलंगावर तर अजिबात नाही.

शर्टाचा खिसा उरतो तो फेकू नका. त्याच्यावर एखादं जास्तीचं बटण लावायला द्या, दोन भोकांचं, चार भोकांच्या बटणात पोरं हरवतात. बटणाखाली काडेपेटीची काडी ठेवून शिवायचं आणि शेवटी काडी ओढून काढायची, त्यामुळे दोरा जरा सैल राहतो आणि बटण काजात बसतं.

सुयांचं एक सांगते, हे मात्र शिस्तीत. बसताना सुया मोजायच्या, उठताना मोजायच्या, आणि हे मोजणं पोरांनाच द्या, ती आपल्यापेक्षा कडक असतात. सुई हातात नसेल तेव्हा सुया टोचायच्या छोट्या उशीत खोचलेली, तोंडात कधीच नाही (मला स्वतःला सवय आहे आणि भाच्याने मला दोनदा पकडलंय). हरवली तर चुंबक फिरवा, पण तोपर्यंत तिथे कुणी अनवाणी चालायचं नाही. आमची आजी तिन्हीसांजेला सुई हातात घेऊ द्यायची नाही, तेव्हा आम्ही हसायचो, आता मीच साडेपाचला बंद करायला लावते कारण त्या वेळी पोरं दमलेली असतात आणि बोट टोचून घ्यायची वेळ तीच. एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटं पुरे. पोरगं स्वतःहून अजून म्हणालं तर पाच मिनिटं अजून.

आणि गुपित. वहिनी ऑफिसला असते तेवढ्यात आम्ही शिवतो आणि सामान बिस्किटाच्या डब्यात लपवतो, पण पाच वर्षांच्या पोराला सरप्राईज पेलत नाही हे धरूनच चाला. त्याला "कुणाला सांगू नकोस" म्हणू नका, त्याऐवजी एखादी गोष्ट सांगायला द्या, म्हणजे आत्या मला गोधडी शिकवतेय असं. मी हे केलं नव्हतं. मदर्स डेच्या आदल्या रात्री जेवताना भाचा मध्येच थांबून म्हणाला, आई, आम्ही तुझ्यासाठी काहीच शिवलेलं नाहीये, आणि त्याच्यात वाळा पण नाहीये.