टेकडीवर पळायला बूट घेताना

डांबरी रस्त्यावरचे जाड, मऊ तळाचे बूट पुण्यातल्या वेताळ टेकडीसारख्या खडकाळ वाटेवर डुगडुगतात आणि घोटा मुरगळतो. ट्रेल रनिंगचे, म्हणजे कच्च्या डोंगरवाटांवर पळायचे बूट घ्या. तळाचे दात साधारण ४ ते ५ मिमी असले की पावसाळी चिखलात पकड मिळते. शेवाळलेल्या कातळावर मात्र कुठलाच बूट भरवशाचा नाही, तिथे सरळ चालावं. खिळ्यांचे स्पाइक्स गवताळ मैदानावरच्या शर्यतीसाठी. सुरुवातीला लागत नाहीत.

खरेदीला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. पळताना घालणार तेच मोजे घालून पाहा. बोटांपुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. वॉटरप्रूफ बुटांच्या मोहात पडू नका: वरून शिरलेलं पाणी आतच साचतं. जाळीचे बूट लवकर निथळतात. घरी आल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका.

कपड्यांचं सोपं आहे. सुती बनियन आणि मोजे घामाने जड होतात, काचतात. स्वस्तातला पॉलिस्टर टी-शर्ट चालतो. काखेत, मांड्यांना आधीच व्हॅसलीन लावा.