सायन्स नळापासून सुरू करा

मी बीकॉम, इंदूरला हिशेब लिहितो, पण सायन्स, तत्त्वज्ञान, सरकारी धोरण तिन्हींचा नाद आहे, आणि तुम्हालाही लावून घ्यायचा असेल तर जाड पुस्तक उघडू नका, घरातली एकच गोष्ट धरा. मी पाणी धरलं. आमच्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून, साधारण 70 किमीवरून, पंपाने चढवून आणतात.

टीडीएस मीटर (पाणी तपासायचं छोटं यंत्र) घ्या, पाण्याच्या ग्लासात बुडवा, आकडा वहीत लिहा. मग विचारा, हे मोजतं काय? पाण्यातून वीज किती वाहते ते बघून ते विरघळलेल्या क्षारांचा, म्हणजे टीडीएसचा, अंदाज देतं, जंतू त्याला दिसतच नाहीत, म्हणजे आकडा कमी आला तरी पाणी शुद्ध असेलच असं नाही (मावशीला हे पटायला बराच वेळ लागला, आता तीच शेजारणींना सांगते). इथेच तत्त्वज्ञान आलं बघा, कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाचा मुद्दा हाच, की आपलं म्हणणं (इथे ‘पाणी शुद्ध आहे’) कशाने खोटं ठरेल ते आधी सांगता आलं पाहिजे.

राहिलं धोरण. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस 500 मिग्रॅ प्रति लिटरपर्यंत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालतं. दोन आकडे का, यावर घरी पोहे खाताना बोला, पण मानक वाचून.