रसभरी बियांपासून घरी: टोमॅटोची बहीण आहे, पण टोमॅटोसारखे लाड नकोत

जानेवारी-फेब्रुवारीत रसभरी आणली की त्यातली सगळ्यात पिवळीधमक, जरा मऊ पडलेली दोन फळं बाजूला काढायची, ती बियाण्याला. दोन पुरतात कारण एकेका फळात शंभरावर बिया असतात आणि बाल्कनीत चार झाडांच्या वर मावतच नाहीत (पहिल्या वर्षी मी अकरा ठेवली, कपडे वाळत घालायला जागा उरली नाही, घरात बोलणी खाल्ली).

फळं वाटीत कुस्करा, पाणी घाला, एक दिवस तसंच राहू द्या, मग वरचा गर ओतून परत पाणी, असं दोन-तीनदा. चांगल्या बिया तळाशी बसतात. चहाच्या गाळणीत धुवून स्टीलच्या ताटलीत पसरून सावलीत वाळवायच्या. टिश्यूपेपरवर अजिबात नको, त्या अशा चिकटतात की नखाने खरवडत बसावं लागतं. नीट खडखडीत वाळल्या की कागदी पाकिटात, वर नाव आणि तारीख. नाव लिहाच, कारण मिरची-वांगं-रसभरी सगळ्यांच्या बिया सहा महिन्यांनी सारख्याच दिसतात.

नावांवरून आठवलं, इथे बराच गोंधळ असतो. रसभरी, केप गूजबेरी, गोल्डन बेरी हे एकच, शास्त्रीय नाव फायसॅलिस पेरुव्हियाना. मूळची दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतली, 'केप' हे नाव आफ्रिकेच्या केप ऑफ गुड होपवरून लागलं. महाबळेश्वरला मिळणारी रासबेरी वेगळी, ती गुलाबाच्या कुळातली. आणि आपल्याकडे पावसाळ्यात शेताच्या बांधावर उगवते ती कागदी फुग्यातली चिरबोटी, लहानपणी फुगा टपकन फोडायचो ती, ती रसभरीची गावठी चुलत बहीण. फळ वाटाण्याएवढं, पूर्ण पिकलं तर गोड. अमेरिकेत ग्राउंड चेरी म्हणतात ती पण ह्याच घराण्यातली, आणि मेक्सिकोची हिरवी साल्सा ज्याची करतात तो टोमॅटिलोही.

पेरायचं कधी? पुण्या-नाशकाकडे जुलैअखेर ते ऑगस्ट. कोकणात पाऊस जरा ओसरू द्या, सप्टेंबर चालेल. हिशोब सोपा आहे, रोप हलवण्याजोगं व्हायला महिना-सव्वा महिना, मग दीडेक महिन्यात फुलं, आणि फुलापासून फळ पिकायला दोन ते अडीच महिने. म्हणजे फुलं-फळं थंडीत येतात आणि तेच ह्या झाडाला आवडतं. मार्चमध्ये पेरलंत तर ऐन मे महिन्यात फुलं गळत बसतील.

पेरायला कागदी कप किंवा सीडलिंग ट्रे, खाली भोकं पाडून. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मं चाळलेलं गांडूळखत. बी बारीक आहे, खोल पुरू नका, पाव इंच म्हणजे पुष्कळ, वरून चिमूटभर कोकोपीट भुरभुरवा आणि पाणी स्प्रेने द्या, झारीने दिलंत तर बिया सगळ्या एका कोपऱ्यात गोळा होतात. उगवायला १० ते २० दिवस लागतात. इथेच लोक हार मानतात, आठ दिवसांनी "बी खराब निघालं" म्हणून ट्रे ओतून टाकतात आणि मग ते बी कढीपत्त्याच्या कुंडीत उगवतं. ओल टिकवा पण चिखल नको, सारखं ओलं राहिलं तर कोंब बुडाशी काळे पडून आडवे होतात, मग काही उपाय नाही. उगवलं की लगेच उजेडात आणा. काही ठिकाणी तीन-चार रोपं एकत्र येतात, त्यातलं दणकट ठेवून बाकीची कात्रीने कापायची, उपटली तर शेजारच्याचीही मुळं हलतात.

चार-पाच पानं आली की मोठ्या घरात, निदान १२ इंची कुंडी किंवा तेवढीच ग्रो बॅग. टोमॅटोसारखंच बुडाचे दोन-तीन इंच मातीत घातलं तरी चालतं, खोडाला मुळं फुटतात. फक्त ज्या मातीत आधी टोमॅटो, वांगं, मिरची होती ती माती घेऊ नका, कुळ एकच असल्याने रोग आयते मिळतात. दिवसातून पाच-सहा तास ऊन हवं. झाड तीन-चार फूट जातं आणि फांद्या ठिसूळ, म्हणून रोप लावतानाच काठी रोवून ठेवा.

आता लाडांचं. टोमॅटोला आपण पंधरा दिवसांनी खत, शेणखत, जीवामृत, काय काय देतो. रसभरीला तसं दिलंत तर पानं तळहाताएवढी होतात, मखमली, बघायला मस्त, आणि फळ एक नाही. माझी पहिली सगळी झाडं अशीच गेली. लावताना दोन ओंजळी गांडूळखत, फुलं आल्यावर थोडी राख किंवा केळीच्या सालीचं पाणी, बास. फूल पिवळं, आत तपकिरी-जांभळे डाग, झाड एकटं असलं तरी फळ धरतं, फार तर सकाळी फांदी टिचकी मारून हलवा. टोमॅटिलो लावणार असाल तर मात्र दोन झाडं हवीतच, एकट्यावर फुगे येतात, आत हवा.

कीड म्हणाल तर पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी. कडुनिंबाचं तेल, दोन थेंब साबण, संध्याकाळी फवारा, पानांच्या खालून. पानं चुरडून रोप खुजं राहिलं तर ते उपटून टाका, माया नको. आणि घरात कुणी तंबाखू खात असेल तर हात साबणाने धुतल्याशिवाय झाडाला हात लावू देऊ नका, टोमॅटो कुळाला लागणारा मोझॅक व्हायरस तंबाखूतून येऊ शकतो.

तोडायचं कधी हे झाडच सांगतं. फळाभोवतीचा कागदी फुगा हिरवा असताना आत बघायचा मोह होतो, फोडू नका. तो वाळून भुऱ्या कागदासारखा झाला आणि आतलं फळ केशरी झालं की घ्या. ग्राउंड चेरी तर आपणच खाली पडते, झाडाखाली जुनं कापड अंथरून ठेवायचं. कच्चं फळ, पानं आणि तो फुगा खायचा नाही, त्यात विषारी द्रव्यं असतात, लहान मुलांना आधीच सांगा. अश्वगंधेलाही असाच फुगा येतो, आत छोटं लाल फळ, ते खाऊ नये. म्हणून रानातलं ओळखीशिवाय तोंडात टाकायचं नाही.

फुग्यासकट कोरड्या टोपलीत ठेवलं तर महिनाभर सहज टिकतं. परदेशात थंड हवेत असाल तर हिवाळा संपताना दव गोठायचं थांबतं त्याच्या सहा-आठ आठवडे आधी खिडकीत पेरा, मग बाहेर. मात्र येताना बॅगेतून बिया आणू नका, भारतात बियाणं आणायला आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो.

मार्चनंतर फळं थांबली की झाड वीतभर ठेवून छाटा आणि सावलीत सरकवा, जगलं तर पावसाळ्यात परत फुटतं. आमची चारातली दोन जगली.