दंगलीची बातमी वाचायची कशी? श्रीलंकेचं उदाहरण घेऊन

कुठे दोन समाजांत यादवी पेटली की "पिढ्यानपिढ्यांचं वैर" असं लिहून सगळे मोकळे होतात, तिथे थांबू नका. आधी हिंसा पेटली ते वर्ष धरा आणि तिथून मागे जा, आणि मागे जाताना भांडणं नाही, कायदे शोधा.

श्रीलंकेचंच बघा. बहुतेक जण १९८३ पासून सुरू करतात, म्हणजे बहुसंख्य सिंहली जमावांनी अल्पसंख्याक तमिळांवर हल्ले केले आणि यादवी पेटली त्या वर्षापासून. पण १९५६ लाच सिंहली ही एकटी राजभाषा झाली, म्हणजे आयुष्यभर सरकारी नोकरी केलेला तमिळ कारकून एका कायद्याने आपल्याच टेबलावर निरक्षर ठरला. १९५७ ला तमिळांना थोडी स्वायत्तता देणारा पंतप्रधान बंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांचा करार झाला तो वर्षभरात बौद्ध भिक्षूंच्या दबावाखाली मोडला, मग सत्तरच्या दशकात युनिव्हर्सिटी ॲडमिशनला तमिळ मुलांना जास्त मार्क लागायला लागले. १९७९ च्या दहशतवादविरोधी कायद्याने पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाबही कोर्टात चालायला लागला. १९८१ ला उत्तरेतल्या तमिळबहुल जाफन्याची लायब्ररी जाळली, ९० हजारांवर पुस्तकं आणि ताडपत्रं गेली, आणि आरोप कोणावर, तर बंदोबस्ताला आणलेल्या पोलिसांवरच.

दुसरं, "दंगल उत्स्फूर्त होती" असं वाचलं की विचारा, पत्ते कोणी दिले? जुलै १९८३ मध्ये कोलंबोत जमावाच्या हातात मतदारयाद्या होत्या. आणि जिथे यादी नव्हती तिथे रस्त्यात माणूस अडवून "बाल्दिय" म्हणायला लावायचे. बाल्दिय म्हणजे बालदी, आपलीच बालदी, तोच पोर्तुगीज शब्द. अस्सल तमिळ शब्द ब ने सुरू होत नाहीत, त्यामुळे त्या ब वर जीभ अडखळली की संपलं. मला हे वाचल्यापासून बाथरूममधली बालदी बघितली तरी आठवतं.

तिसरं, बाजू घ्यायची घाई करू नका. १९९० मध्ये लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेने उत्तरेतल्या मुसलमानांना हाकललं, जाफन्यात दोन तासांची मुदत दिली, आणि ते लोक घरात तमिळच बोलायचे. दक्षिणेत १९८७ ते ८९ च्या जेव्हीपी या सिंहली डाव्या पक्षाच्या उठावात सरकारने सिंहली पोरंच हजारोंनी मारली. दडपशाहीची यंत्रणा एकदा तयार झाली की ती भाषा विचारत बसत नाही, हे माझं ठाम मत आहे.

आणि आकडे वाचताना, आकड्याच्या आधी हे बघा की पत्रकारांना तिथे जाऊ दिलं होतं का. २००९ मध्ये संपलेल्या यादवीच्या शेवटच्या महिन्यांत स्वतंत्र पत्रकारांना युद्धभागात प्रवेशच नव्हता.