झाड न तोडता जैवभार काढताना या चुका टाळा

माळरानावरच्या बाभळीचा किंवा तरवडाच्या झुडपाचा जैवभार, म्हणजे ते पूर्ण वाळवल्यावर भरेल ते वजन, न तोडता काढायचे असेल तर घेर, उंची आणि पसारा यांची मापे घेऊन ती सूत्रात घालावी लागतात. उत्तर पटले नाही की आपण आधी सूत्राला दोष देतो. चूक मात्र बहुधा त्याआधीच, खोडाभोवती टेप गुंडाळताना झालेली असते. सूत्र बसवणाऱ्यांनी जे मोजले होते तेच आपण मोजतो आहोत का, हे आधी तपासावे.

सर्वांत ढोबळ चूक घेर आणि व्यास यांच्या गल्लतीची आहे. उष्ण कटिबंधातील झाडांसाठी जेरोम शाव आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या सूत्रात लाकडाची घनता (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर), व्यासाचा वर्ग (व्यास सेंटिमीटरमध्ये) आणि उंची (मीटरमध्ये) यांच्या गुणाकाराचा ०.९७६ वा घात काढून त्याला ०.०६७३ ने गुणतात, आणि जमिनीवरच्या भागाचा जैवभार किलोग्रॅममध्ये मिळतो. ४७ सेंटिमीटर घेराच्या खोडाचा व्यास साधारण १५ सेंटिमीटर असतो. तिथे व्यास म्हणून ४७ च घातले, तर उत्तर नऊपटींहून अधिक फुगते. एवढी चूक निदान डोळ्यांत तरी भरते.

फुटव्यांची चूक तशी भरत नाही. वेडी बाभूळ, बोर किंवा तोडीनंतर खुंटातून पुन्हा फुटलेले झाड यांना जमिनीलगतच अनेक खोडे असतात. ६, ८ आणि १० सेंटिमीटर व्यासाची तीन खोडे असतील, तर त्यांची बेरीज २४ धरणे चुकीचे आहे. प्रत्येक व्यासाचा वर्ग करून, बेरीज घेऊन, तिचे वर्गमूळ काढले की १४.१ हा समतुल्य व्यास मिळतो. हे दोन आकडे वर्ग केल्यावर जवळजवळ तिपटीने वेगळे पडतात. शिवाय भारतात छातीइतकी उंची १.३७ मीटर धरतात आणि इतरत्र बहुधा १.३ मीटर, पण गुडघ्याएवढ्या झुडपाला या दोन्हींचा काही उपयोग नाही. शाव यांच्या सूत्रामागची झाडे ५ सेंटिमीटर किंवा त्याहून जाड होती, त्यामुळे झुडपांना ते लावूच नये. तिथे जमिनीलगतचा व्यास किंवा पसारा यांवर आधारलेले, त्याच जातीचे सूत्र शोधावे. पसारा मोजताना एकमेकांना काटकोनात असलेले दोन व्यास घ्यावेत. फक्त लांबट बाजू मोजली तर वाऱ्याने एका बाजूला झुकलेले झुडूप उगाच भारी ठरते.

आपल्याकडे खरी पंचाईत छाटणीची आहे. शेळ्यांसाठी पाला आणि कुंपणासाठी काटे काढून काढून बाभळीचा केवळ दांडका उरतो, आणि खोडाचा व्यास मात्र तसाच राहतो. अशा झाडाचा जैवभार व्यासावरून काढला तर तो जास्त येतो; केवळ पसाऱ्यावरून काढला तर जाड खोडाचे वजन निसटते. म्हणून वहीत छाटणीसाठी वेगळा रकाना ठेवावा आणि अशी झाडे धडधाकट झाडांच्या सरासरीत मिसळू नयेत. झुडपांवरील पाल्यासाठी १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडलेली ‘ॲडलेड’ पद्धत कामाची आहे: एक नमुनेदार डहाळी हातात धरून अशा किती डहाळ्या झुडपात मावतील हे मोजायचे, आणि त्या डहाळीवरच्या वाळवलेल्या पाल्याच्या वजनाने त्या संख्येला गुणायचे. डहाळी फार लहान निवडली की मोजणी चुकते. ती झुडपाच्या दहाव्या ते पाचव्या हिश्श्याएवढी असावी. एकच डहाळी कापावी लागते, हे मान्य.

घनतेच्या बाबतीत सर्व जातींना एकच आकडा लावू नये, कारण बाभळीचे लाकूड जड असते आणि पांगाऱ्याचे अगदी हलके. सुतारकामाच्या तक्त्यांत हवेत वाळलेल्या लाकडाची घनता असते, तर जैवभाराच्या सूत्रांना बहुधा भट्टीत वाळवलेले वजन भागिले ओल्या लाकडाचे घनफळ अशी घनता लागते. पहिली नेहमीच जास्त भरते. लघुगणकावर (लॉगवर) बसवलेल्या सूत्राचे उत्तर परत किलोग्रॅममध्ये आणताना सुधारणा-गुणक, म्हणजे ही घट भरून काढणारा आकडा, लावला नाही तर ते कमी येते, मात्र तो सूत्रात आधीच धरलेला असेल तर दुसऱ्यांदा लावू नये.